यंत्रांची पंगत

पिरंगुटहून पौडकडे जाताना भरे लागतं. रस्त्याच्या आजूबाजूला अजून थोडी भातखाचरं शिल्लक आहेत आणि त्यांना खेटून पत्र्याच्या शेड. अशाच एका शेडमध्ये मी पंप तपासतो. पंप बनवत नाही, विकत नाही, दुरुस्तही करत नाही. दुसऱ्यांनी बनवलेला पंप आमच्या टाकीवरच्या टेस्ट बेंचला जोडायचा, चालवायचा, मोजमापं घ्यायची आणि एका कागदावर सही करून द्यायची, की या पंपाची कार्यक्षमता इतके टक्के. त्या सहीवर माझं पोट आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखानदारानं ती सही चुकीची ठरवली, आणि त्याचं बरोबर होतं. आमच्या बेंचवरचं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. प्रत्येकाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. तरीही उत्तर चुकत होतं. ते का चुकत होतं हे सांगायचं तर आधी ही यंत्रं एकमेकांशी आणि संगणकाशी बोलतात कशी, ते सांगावं लागेल.

पंपाची कार्यक्षमता काढायचं गणित शाळकरी आहे. पाण्याला मिळालेली शक्ती भागिले मोटरनं विजेतून ओढलेली शक्ती. पहिलीसाठी पाण्याचा प्रवाह आणि दाब मोजायचा, दुसरीसाठी वीज. म्हणजे एक फ्लोमीटर, दोन प्रेशर ट्रान्समीटर, एक पॉवर मीटर, फेरे मोजायला एक टॅको आणि मोटरच्या गुंडाळीचा रोध मोजायला एक मल्टिमीटर. मोठ्या कंपनीत हे सगळं एका खरेदीत, एकाच पुरवठादाराकडून येतं. आमच्यासारख्यांकडे ते वीस वर्षांत, जसजसे पैसे आले तसतसं येतं. आमचा फ्लोमीटर युरोपातला, पॉवर मीटर चीनमधला, ट्रान्समीटर इथलेच, आणि मल्टिमीटर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून उचललेला. या मिश्र कुटुंबाला एका सॉफ्टवेअरखाली नांदवणं हे आमच्या धंद्यातलं निम्मं काम. पंप चालवणं त्या मानानं सोपं.

त्या लिलावातल्या मल्टिमीटरबद्दल मला विशेष माया आहे. त्याच्या मागे चोवीस पिनांचा एक जाडजूड सॉकेट आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीनं १९६० च्या दशकात आपल्या मापकयंत्रांसाठी एक सामायिक वाहिनी काढली; १९७५ मध्ये तिचं आयईईई-४८८ हे सार्वत्रिक मानक झालं. आजही लोक तिला जीपीआयबी म्हणतात. एका वाहिनीवर जास्तीत जास्त पंधरा यंत्रं. त्यांत एका वेळी एकच बोलणारा, ऐकणारे कितीही, आणि कोणी कधी बोलायचं हे ठरवणारा एक नियंत्रक. पण मला त्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो तो वेगळाच. बोलणाऱ्यानं एक अक्षर वाहिनीवर ठेवलं की प्रत्येक ऐकणाऱ्यानं ‘घेतलं’ असं सांगेपर्यंत ते तिथंच राहतं. सर्वांत मंद यंत्राचं ‘घेतलं’ आल्याशिवाय पुढचं अक्षर येत नाही. आपल्याकडच्या पंगतीसारखंच: शेवटच्या म्हाताऱ्याचा ताकभात संपेपर्यंत कोणी उठत नाही. वेगाच्या दृष्टीनं हे परवडणारं नाही, म्हणून पुढच्या काळात ही रीत मागे पडली. त्याची किंमत काय असते ते पुढे येईलच.

या वाहिनीवर १९८७ पासून ओळख विचारायचीही ठरलेली पद्धत आली. तारांकन, मग आयडीएन, मग प्रश्नचिन्ह एवढं पाठवलं की यंत्र स्वल्पविरामांनी तोडलेली चार उत्तरं देतं: कंपनी, मॉडेल, क्रमांक, आणि आतल्या प्रोग्रॅमची आवृत्ती. गावाकडे नवख्या माणसाला ‘कुठले पाहुणे?’ विचारतात तसंच. १९९९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा मापकयंत्रांचा विभाग वेगळा होऊन अजिलंट झाला, २०१४ मध्ये त्यातून कीसाइट निघाली. पण अजिलंटची पाटी असलेले काही मल्टिमीटर ओळख विचारली की ‘ह्यूलेट-पॅकार्ड’ असंच सांगत राहिले. कारण जगभरच्या चाचणीघरांतले जुने प्रोग्रॅम तेच नाव ऐकायला बसलेले होते. नवं नाव ऐकलं असतं तर त्यांनी यंत्र ओळखलंच नसतं. घराणं बदललं तरी आडनाव राहिलं.

पॉवर मीटरची तऱ्हा दुसरी. तो मॉडबस नावाची भाषा बोलतो. मोडिकॉन कंपनीनं ती १९७९ मध्ये कारखान्यातल्या नियंत्रकांसाठी काढली. दोन तारांवर चालते, फुकट आहे, म्हणून भारतातल्या जवळपास प्रत्येक पॅनेलमध्ये सापडते. मॉडबसमध्ये मीटरच्या पोटात क्रमांक दिलेले कप्पे असतात. अमुक कप्प्यात काय आहे असं विचारायचं. इथं पहिली गंमत अशी की मॅन्युअलमध्ये कप्पे एकपासून मोजलेले असतात आणि तारेवर शून्यापासून. तिसरा कप्पा मागितला की चौथ्यातलं मिळतं. पुण्याच्या इमारतीत ‘पहिला मजला’ म्हणजे नेमका कुठला, यावर पाहुण्यांचा जो गोंधळ होतो, तोच.

दुसरी गंमत मात्र मराठी माणसालाच लवकर कळावी अशी आहे. एका कप्प्यात सोळा अंकांचं द्विमान टिपण मावतं. दशांशातली नेमकी संख्या ठेवायला दोन कप्पे लागतात. आता त्यातला मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? मॉडबसच्या नियमांत याचं उत्तर नाही. त्यामुळे एक कंपनी असं करते, दुसरी तसं. आपण लिहिताना २५ लिहितो, म्हणजे दोन आधी. बोलताना ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी. इंग्रजीत बोलतानाही वीस आधी येतात. ज्यानं फोन नंबर मराठीत ऐकून इंग्रजी सवयीनं लिहून घेतला आहे, त्याला ही चूक ठाऊक आहे. (‘एकोणपन्नास’सारखी युक्ती यंत्रांना अजून सुचलेली नाही, हे आपलं नशीब.) संगणकाच्या जगात या भांडणाला डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये जे नाव दिलं, ते त्यांनी जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून घेतलं: उकडलेलं अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून लिलिपुटवासी लढतात, ते मोठ्या टोकाचे आणि लहान टोकाचे. १७२६ च्या उपरोधाचं पुस्तक आज प्रत्येक संगणक अभियंत्याच्या शब्दसंग्रहात आहे, फक्त त्यातल्या बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं.

आमच्या पॉवर मीटरचं पहिल्या दिवशी हेच झालं. विजेची वारंवारता ४९.९८ यायला हवी होती. पडद्यावर आली ती ऋण बत्तीस आणि पुढे पंचवीस शून्यं. हसलो, दोन कप्प्यांची अदलाबदल केली, काम संपलं. अशा चुका मला आवडतात. त्या ओरडून सांगतात की मी चूक आहे.

न ओरडणाऱ्या चुका निराळ्या. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये दाब ‘केजी’त सांगतात, ‘तीन केजी प्रेशर आहे’. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो. ट्रान्समीटर मात्र बारमध्ये बोलतो. एक केजी म्हणजे ०.९८१ बार. फरक दोन टक्क्यांच्या आतला, डोळ्याला अजिबात न दिसणारा, आणि पंपाच्या नापास-पासला पुरेसा. नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवलं, ते जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमनं धक्क्याचा आकडा पौंडांत दिला आणि दुसऱ्यानं तो न्यूटनमध्ये समजला म्हणून. तिथं फरक साडेचार पटींचा होता, तरी लक्षात आला नाही.

या सगळ्यांना एकत्र आणायला मी लॅबव्ह्यू वापरतो. ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं १९८६ मध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी काढलं. त्यात ओळी लिहायच्या नसतात, पडद्यावर चौकोन ठेवून त्यांच्यात तारा ओढायच्या. वायरमनला सर्किट वाचता येतं तर त्याला हेही वाचता यावं, असा त्यामागचा विचार. प्रत्येक यंत्रासाठी एक ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा. सगळे दुभाषे आपापला आकडा आणून ठेवतात, मग सूत्र चालतं, मग आलेख निघतो. आमच्या पडद्यावर प्रवाह, दाब, वीज आणि कार्यक्षमता यांचे आकडे शेजारी शेजारी, एकाच ओळीत दिसायचे. ते एकाच क्षणाचे आहेत असं कोणी म्हटलं नव्हतं. एका ओळीत दिसले, म्हणून मी तसं समजलो.

तो कारखानदार याच पट्ट्यातला. पाच अश्वशक्तीचे पंप बनवायचा, शिक्षण जेमतेम, पण ओतीव लोखंडाचा आवाज ऐकून त्यात पोकळी आहे का सांगणारा. त्याला एका ऑर्डरसाठी एकसष्ट टक्के दाखवायचे होते. आम्ही तपासलं, साडेएकोणसाठ आले. त्यानं इंपेलर घासून, गुळगुळीत करून आणला. पुन्हा तेवढेच. तिसऱ्या खेपेलाही एकसष्टच्या खालीच. आम्ही नापासचा कागद दिला आणि ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. त्यानंतरही तो आला, नुसताच. म्हणाला, “साहेब, तुमच्या मशिनवर शंका नाही. पण एकदा उलटं करून दाखवा.”

“उलटं म्हणजे काय, काका?”

“तुम्ही कॉक बंद ठेवून चालू करता आणि उघडत जाता. एकदा पूर्ण उघडा ठेवून बंद करत या.”

सेंट्रिफ्यूगल पंप बंद व्हॉल्व्हवर सुरू करायचा ही सर्वत्र रीत आहे, मोटरवर भार कमी येतो. म्हणून आमचा आलेख नेहमी शून्य प्रवाहापासून सुरू होई आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडत सहा-सात मिनिटांत चाळीस घनमीटर प्रतितासापर्यंत जाई. काकांच्या समाधानासाठी उलट दिशेनं चाललो. त्याच पंपावर, त्याच जागी, पंचवीस घनमीटरला, साडेचौसष्ट टक्के आले. दोन आलेख एकमेकांवर बसेनात. पंप तर दोन्ही वेळी तोच होता.

चार दिवस शोधत होतो. शेवटी सापडलं ते फ्लोमीटरच्या मेनूतल्या एका ओळीत. त्याला डॅम्पिंग म्हणतात. पाण्याचा प्रवाह कधीच शांत नसतो, आकडा सतत थरथरतो. म्हणून मीटरला सांगता येतं की मागच्या काही सेकंदांचा गुळगुळीत हिशेब करून दाखव. तिथं दहा सेकंद होते. ते मीच भरले होते, बेंच उभारताना, कारण ग्राहकासमोर पडद्यावर नाचणारा आकडा बरा दिसत नाही.

दाबाचा आकडा त्या क्षणाचा होता, विजेचा जेमतेम एका सेकंदापूर्वीचा, आणि प्रवाहाचा सुमारे दहा सेकंदांपूर्वीचा. व्हॉल्व्ह उघडत जाताना प्रवाह दर सेकंदाला ०.१ घनमीटर प्रतितासानं वाढत होता. दहा सेकंद मागे राहिलेला मीटर म्हणून एक घनमीटर कमी सांगत होता: पंचविसाच्या जागी चोवीस. बंद करत जाताना उलट, सव्वीस. चार टक्के इकडे, चार टक्के तिकडे. खरी कार्यक्षमता मधोमध, बासष्ट. काकांचा पंप पहिल्या दिवसापासून पास होता.

या प्रकाराला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काहीही करू शकत नाही. कॅलिब्रेशन स्थिर प्रवाहावर होतं, आणि स्थिर प्रवाहावर आमचा मीटर निर्दोष होता. चूक कोणत्याही यंत्रात नव्हती, दोन यंत्रांच्या मधल्या जागेत होती, आणि त्या जागेचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

पुढचे काही महिने मी या गोष्टीनं पछाडलेला होतो. मोठ्या ठिकाणी, जिथं सहा नाही तर हजारो यंत्रं असतात, तिथं हे कसं सांभाळतात? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञानदिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते. मी दोनदा जाऊन आलो, आणि तिथल्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेले निबंध वाचले.

प्रा. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात, बाकी सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर. सर्वांत दूरच्या दोघींमधलं अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. तबकडी भरीव नाही, ताणलेल्या तारांच्या दोऱ्यांवर बारीक पोलादी जाळी बसवलेली, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्च कमी येतो. या तीस मिळून एक दुर्बीण होते, ती केवळ एका अटीवर: सगळ्यांनी पाहिलेला क्षण एकच असला पाहिजे.

तो तसा आपोआप नसतो. आकाशातली लहर एका तबकडीवर आधी पोहोचते, दुसरीवर नंतर. मग प्रत्येकीचा संकेत प्रकाशतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो, आणि तंतूत प्रकाशाला किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात. चौदा किलोमीटरच्या तंतूला सत्तर. ऐकायला हे काहीच नाही. पण सुधारित जीएमआरटी चारशे मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकते, त्यासाठी दर १.२५ नॅनोसेकंदाला एक नमुना घ्यावा लागतो; म्हणजे सत्तर मायक्रोसेकंदांत छप्पन्न हजार नमुने मागे. माझी दहा सेकंदांची चूक तिथं या मापात मोजली जाते. फरक असा की त्यांनी ती पहिल्या दिवसापासून गृहीत धरली आहे. प्रत्येक तबकडीचा उशीर ठाऊक आहे, पृथ्वी फिरते तसा तो सतत बदलून भरून काढला जातो, आणि सगळ्यांना संदर्भ म्हणून मध्यवर्ती इमारतीतून एकच लहर पाठवली जाते.

तिथलं यंत्रकुटुंबही आमच्यासारखंच मिश्र आहे, हे पाहून मला बरं वाटलं. नव्वदच्या दशकातली उपकरणं, नंतर बसवलेल्या नव्या मोटरी, नवे ग्राहक. संकेत एकत्र करणारं यंत्र आधी खास बनवलेल्या चिपांचं होतं, मग साध्या संगणकांवरच्या सॉफ्टवेअरचं झालं, आणि आता त्यात व्हिडिओ गेमसाठी जन्मलेले ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. नवी यंत्रणा उभी राहत असताना जुनी बंद केली नाही, निरीक्षणं चालू ठेवली. आमच्या क्षेत्रात ‘चालू बसचं चाक बदलणं’ म्हणतात ते हेच.

यंत्रांवर देखरेख आणि हुकूमत ठेवणारी तिथली नवी प्रणाली टँगो नावाच्या चौकटीत बांधली आहे. ती फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉन केंद्रात वाढली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या महाकाय दुर्बिणीनंही २०१५ मध्ये टँगोच निवडली. तिच्या नियंत्रणप्रणालीची आखणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं नेतृत्व पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे होतं.

टँगोत प्रत्येक यंत्र, मोटर असो की तापमापक, एकाच साच्यात बोलतं. त्याला आज्ञा देता येतात, त्याचे गुण विचारता येतात, आणि त्याची अवस्था ठरलेल्या चौदांपैकी एक असते. पण माझ्या मतलबाचं पुढेच होतं. यंत्राला एखादा गुण विचारला की नुसता आकडा येत नाही. आकड्याबरोबर तो कोणत्या वेळचा आहे हे येतं, आणि त्यावर भरवसा ठेवावा की नाही हेही येतं: ग्राह्य, अग्राह्य, बदलत आहे, असं. चौदा अवस्थांमध्येही एक आहे ‘अज्ञात’. म्हणजे ‘माहीत नाही’ हे उत्तर तिथं रीतसर मान्य आहे.

हा शहाणपणा तसा जुना आहे, माझ्या बेंचवरच तो होता आणि मी तो पुसून टाकला होता. आमचे ट्रान्समीटर आणि फ्लोमीटर चार ते वीस मिलिअँपिअरची खूण पाठवतात. शून्य प्रवाहाला चार, पूर्ण प्रवाहाला वीस. शून्याला शून्यच का नाही? कारण तार तुटली की शून्य येतं. ‘प्रवाह शून्य आहे’ आणि ‘निरोपच आलेला नाही’ यांत फरक राहावा म्हणून खालचे चार राखून ठेवलेले. विजेच्या आधी हवेच्या दाबानं निरोप जायचे तेव्हाही तीन ते पंधरा पौंड अशीच सोय होती. आमच्या चाळीस घनमीटरच्या मीटरची तार तुटली तर हिशेबानं उणे दहा घनमीटर यायला हवेत. पण उणे प्रवाह वेडगळ दिसतो, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक चौकोन टाकला होता: शून्याखालचं सगळं शून्य दाखव.

तो चौकोन आता काढला आहे. डॅम्पिंग एक सेकंदावर आणलं, आकडा पुन्हा नाचतो. व्हॉल्व्ह सलग फिरवणं बंद केलं. दहा ठिकाणी थांबतो, आणि सर्वांत मंद यंत्राचा आकडा स्थिर झाल्याशिवाय सॉफ्टवेअर नोंदच घेत नाही. एका पंपाला सात मिनिटं लागायची, आता पाऊण तास लागतो. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची वेळ आणि खूण साठवली जाते. त्याआधीच्या आठ महिन्यांतल्या ग्राहकांना मी पत्रं पाठवली, पुन्हा तपासणी फुकट करून देतो म्हणून. थोडे आले. बाकीच्यांनी आधीच इंपेलर बदलले होते, किंवा भाव उतरवून माल काढला होता. काकांचा पंप बासष्टवर आला, कागद दिला. ते म्हणाले, “आता काय उपयोग,” आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या ऑर्डरला ते पुन्हा आमच्याकडेच आले. का, ते मी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात उंदरानं फ्लोमीटरची केबल कुरतडली. ग्राहक समोर बसलेला, पंप धडधडत चालू, आणि पडद्यावर प्रवाहाच्या चौकोनात लाल अक्षरांत ‘माहीत नाही’. कार्यक्षमतेच्या चौकोनातही तेच. आमचा वायरमन टॉर्च घेऊन पॅनेलमागे शिरला, तो तिथूनच चिडून म्हणाला, “आधीचं सॉफ्टवेअर निदान काहीतरी तरी दाखवायचं!”